दर फाटकाला दोन थांबत्या गाड्या द्या : सफारीचे नियम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूरच्या चहूबाजूंच्या व्याघ्र प्रकल्पांत सफारीचे रस्ते, वेळा आणि नियम ठरवणारे सर्व अधिकारी

सन्माननीय महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या आईचा चष्मा जंगलात पडला. तो परत मिळावा म्हणून हे पत्र नाही. पण सफारीच्या गाडीच्या ज्या वेगामुळे तो पडला, त्या वेगाबद्दल आहे, आणि ठरलेल्या जागी थांबून राहणाऱ्या दोन गाड्या मागण्यासाठी आहे. फाटक कोणतं ते लिहीत नाही, कारण गाइड आणि ड्रायव्हर दोघंही पोटापाण्याची माणसं आहेत आणि चूक एकट्या त्यांची नव्हती.

आई ७१ वर्षांची. तिचं माहेर देवलापारकडचं. लहानपणी ती पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जायची. लग्न होऊन नागपुरात आली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, पण जंगल ‘पाहायला’ म्हणून ती कधी गेली नव्हती. मी दरवर्षी विचारायची. ती म्हणायची, “जंगल काय पाहाचं असते बाई? जंगलात काम असते तं जाते मानूस.” या वर्षी गुडघे आणि कंबर दोन्ही बोलायला लागल्यावर तीच म्हणाली, एकदा मोहाचा वास घेऊन येऊ. मार्च-एप्रिल म्हणजे मोहाचे दिवस. मी सकाळची पाळी बुक केली. पहाटे तीनला प्रतापनगरातून निघालो. आईने डब्यात पोळ्या आणि लोणचं घेतलं होतं, जे आत खायला परवानगी नाही हे मी तिला फाटकावर पोचेपर्यंत सांगितलंच नाही.

आत शिरल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं बरी गेली. मग डाव्या हाताला मोह आला. मोठा, जुना, पानं जवळजवळ गळून गेलेली, आणि बुडाशी फुलांचा सडा. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं, त्यामुळे सकाळच्या त्या वेळी ते अगदी ताजं असतं, मण्यासारखं, पिवळसर पांढरं, रसानं भरलेलं. वास गाडीपर्यंत आला. आईने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला, “थांबव न रे बाबू, मोह आला हाय.”

त्याने गाडी हळू केलीही. पण तेवढ्यात समोरून दुसरी जिप्सी आली. दोन ड्रायव्हरांचं डोळ्यांनी काहीतरी बोलणं झालं. पाणवठ्यावर वाघीण बसली होती. आमच्या ड्रायव्हरने मागे वळून एवढंच म्हटलं, “पकडून बसा जी,” आणि गाडी सुटली.

पुढे एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, होता. त्यावरून गाडी उसळली आणि आईचा चष्मा उडाला. “अवं, माहा चष्मा!” मी ओरडले, थांबा. गाइड अजिजीनं म्हणाला, “ताई, आता थांबलो तं सायटिंग जाईन. वापस येतानी घेऊन घेऊ न.” गाडीत आणखी चौघं होते, त्यांनीही काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मीही दुसऱ्यांदा ओरडले नाही. वाघीण मलाही पाहायची होती.

पाणवठ्यावर अकरा गाड्या होत्या. मी मोजल्या. आमची बारावी. वाघीण पाण्यात मागचं अंग बुडवून बसली होती. सुंदरच होती, त्यात वाद नाही. सगळे सीटवर उभे. पाऊण तास गाड्या पुढे-मागे करत होत्या, कुणाच्या डोक्याआड कुणाची लेन्स येत होती. वाघीण उठून गेल्यावर गाइडने मोठ्या हौसेनं विचारलं, “दिसली काय आजी?” आई म्हणाली, “दिसली ना बाबू. पिवळं होतं काही.” तो पोरगा इतका ओशाळला की पुढचा रस्ताभर गप्पच होता.

परतीचा रस्ता दुसराच निघाला. वेळेत बाहेर पडलं नाही तर गाडीवर कारवाई होते म्हणून मागे फिरता आलं नाही. चष्मा राहिला आणि मोहही राहिला.

आता थोडा हिशोब. आत जाताना आणि बाहेर आल्यावर मी गाडीच्या मीटरवरचे आकडे पाहून ठेवले होते. हे माझं जुनं खूळ आहे, रिक्षात बसले तरी पाहते. फरक निघाला ६१ किलोमीटर. पाळी चार तासांची, त्यातला पाऊण तास आम्ही उभे होतो. म्हणजे चालती सरासरी तासाला एकोणीसच्या आसपास. फाटकावरच्या पाटीवर वीसची मर्यादा. कच्च्या रस्त्यावर, वळणं-चढ-रपटे धरून सरासरीच एकोणीस येत असेल, तर मध्ये काटा कुठे कुठे गेला असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि हे एका गाडीचं नाही. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी गाड्यांनी अडवली, त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि ड्रायव्हरांवर कारवाई झाली. ती व्हायला हवीच होती. पण त्या गाड्यांत मागे बसलेले लोक घरी गेले, आणि त्यांच्यातल्या किती जणांनी त्या दिवशी “भाऊ, मागे घ्या” म्हटलं असेल? म्हटलंच असेल, तर चष्म्याच्या वेळी मी म्हटलं तसंच, एकदाच.

गाइडला दोष देणं सोपं आहे. वाघ दाखवला म्हणून मी स्वतः एकदा पाचशेची नोट काढून दिली आहे. आणि एका पाळीत गाइडने जीव तोडून नवरंगापासून भृंगराजापर्यंत पक्षी दाखवले, घुबडाची ढोली दाखवली, पण वाघ काही दिसला नाही, त्या दिवशी शंभर. नंतर घरी येऊन मला लाज वाटली, पण त्याला जो धडा मिळायचा तो मिळून गेला होता. वर्षातले नऊ महिने चालणारा धंदा, पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा राखीव गाभा, बंद, घरी शेती असली तर दोन-तीन एकर. असा माणूस मोहाच्या झाडाखाली गाडी कशाला थांबवेल? त्याने थांबवावी असं वाटत असेल, तर थांबण्याचं काम त्याला नेमूनच द्यावं लागेल.

मी हे का मागते आहे त्याचं कारण एक फॅनबेल्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या एका जंगलात आमच्या गाडीचा फॅनबेल्ट तुटला. दुसरी गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. पहिली दहा मिनिटं गाडीत नुसती कुरकुर. माझ्या भावाने तर पैसे परत कसे मागायचे याची चर्चा सुरू केली. मग सगळे बोलून थकले आणि पहिल्यांदाच इंजिनाचा आवाज नसलेलं जंगल कानावर आलं. सागाचं वाळलेलं पान गळतं तेव्हा आवाज होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पापड मोडल्यासारखा. कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता, थांबत होता, पुन्हा ठोकत होता.

गाडीवर एक फांदी झुकली होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. तिच्यावर लाल मुंग्या दोन पानं शिवत होत्या. शिवत होत्या हे मी उपमा म्हणून म्हणत नाही. एक रांग एका पानाच्या कडेला पाय रोवून दुसऱ्या पानाची कड जबड्यात धरून ओढत होती. जिथे अंतर जास्त होतं तिथे एकीनं दुसरीची कंबर धरून साखळी केली होती. कडा जवळ आल्यावर आतून काही मुंग्या आल्या, प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरी अळी. त्यांचीच पिल्लं. त्या अळीला या कडेवरून त्या कडेवर, पुन्हा इकडे, असं टेकवत होत्या आणि अळीच्या तोंडातून निघालेल्या धाग्याने पानं चिकटत होती. कोष्ट्याच्या हातातला धोटा पाहिला असेल तर अगदी तसं. आम्ही सहा जण माना वर करून तीस मिनिटं ते पाहत होतो. पैसे परत मागायचं भाऊ विसरला.

आणि गाइड बोलायला लागला. तोवर त्याच्या तोंडून “इथे काल होता”, “तिकडून कॉल येऊन राहिला” (कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर इतर जनावरं देतात ती हाक) यापलीकडे काही निघालं नव्हतं. आता तो समोरच्या येनाकडे बोट करून म्हणाला, “याची साल पाहा, मगरीच्या पाठीसारखी. हे आमचं देवाचं झाड हाय.” पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात ते हे. गोंड लोकांत त्याला बडादेवाचं ठिकाण मानतात हे मी वाचलं होतं, पण ‘आमचं’ म्हणणाऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. मग त्याने तेंदूबद्दल सांगितलं. मे महिन्यात त्याची आई आणि बायको पानं तोडतात, सत्तर पानांचा एक पुडका बांधतात, अंधार पडेपर्यंत बांधणं चालतं आणि बोटं काळी होतात. वर झाडावर वानरं खात होती, अर्धं खाऊन अर्धं खाली टाकत होती, आणि खाली चितळं ते वेचत होती. तो म्हणाला, “वानराचे वरून डोये, चितळाचं खालून नाक. दोघांचं जमते.”

हे सगळं त्याला लहानपणापासून माहीत होतं. फॅनबेल्ट तुटेपर्यंत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

महोदय, हळू चालणं आपल्या खात्याला परकं नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपणच लोकांना मचाणावर बसवता. चांदण्यात रात्रभर पाणवठ्याकडे पाहत बसायचं, बोलायचं नाही, जे येईल ते कागदावर लिहायचं. मी एकदा बसले आहे. रात्रभरात तीन सांबरं, एक अस्वल, रानडुकरांचा कळप आणि पहाटे एक मुंगूस. वाघ आला नाही, आणि सकाळी मचाणावरून उतरताना कुणाच्या तोंडावर नाराजी नव्हती. कारण तिथे आम्हाला कुणी वाघाच्या मागे पळवलं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ते तर डोकं वर करून नुसतं पाहत बसण्यासाठीच. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे तुम्ही खाली तोंड करून बसवले. ताऱ्यांसाठी गावचे दिवे खाली वळवता येतात, तर मोहासाठी एक गाडी थांबवणं त्याहून अवघड नसावं.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक फाटकाला, प्रत्येक पाळीत, सध्याच्या गाड्यांच्या संख्येतूनच दोन गाड्या वेगळ्या काढाव्या. नाव काहीही द्या, मी त्यांना ‘थांबती गाडी’ म्हणते. या गाडीने बारा-पंधरा किलोमीटरचाच फेरा करायचा. तीन ठरलेल्या जागी इंजिन बंद करून अर्धा-अर्धा तास उभं राहायचं. कॉल आला, समोरून कुणी खूण केली, तरी रस्ता सोडायचा नाही. वाघ आपल्या पायांनी त्या वाटेवर आला तर त्याची मर्जी. शुल्क पूर्ण घ्या, सवलत नको. चढायला एक जास्तीची पायरी बसवली तर आईसारख्यांना बरं पडेल. आणि बुकिंग करतानाच ठळक लिहा, की या गाडीत वाघाची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

गाइडच्या मोबदल्याचं मात्र नीट पाहावं लागेल. टिपेवर सोडलं तर थांबत्या गाडीवर कुणी यायचं नाही. या गाडीच्या तिकिटातच त्याचे शंभर-दोनशे जास्त धरा, आम्ही देऊ. आणि ती ड्युटी शिक्षा म्हणून नव्या पोरांवर ढकलू नका. तेंदू तोडलेले, मोह वेचलेले, गुरं राखलेले लोक गाइडांत भरपूर आहेत. ताडोब्यात आता स्त्रियाही गाइड आहेत. रानभाजी कोणती आणि विषारी पाला कोणता हे ज्यांना घरच्या चुलीवर कळलं, त्यांच्याकडून मला ते ऐकायचं आहे.

तुम्ही म्हणाल, गाडी पाणवठ्याजवळ तासन्‌तास उभी राहिली तर जनावरं बिचकतील. बरोबर. म्हणून काठावर नको, लांब, झाडांच्या सावलीत, वाऱ्याची दिशा पाहून ठेवा. ते अंतर तुमचे वनरक्षक माझ्यापेक्षा चांगलं ठरवतील. पण अकरा गाड्यांच्या मागे-पुढे होण्यापेक्षा एक गप्प गाडी जनावराला जास्त त्रास देईल, हे मला पटत नाही. २०१२ पासून पर्यटन कोअरच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात ठेवायचं असा नियम आहे. म्हणजे सगळी धावाधाव त्याच थोड्या रस्त्यांवर, त्याच थोड्या वाघांमागे होते. त्यातल्या दोन गाड्या धावायच्या थांबल्या तर धूळ तरी तेवढी कमी उडेल.

तुम्ही असंही म्हणाल की अशा गाडीत बसणार कोण. एक हंगाम करून पाहा, १ ऑक्टोबर ते ३० जून. रिकाम्या गेल्या तर बंद करा, मी पुन्हा लिहिणार नाही. पण माझ्या ओळखीतच बसणारे पुष्कळ निघतील. पाठदुखीवाले. लहान पोरं घेऊन येणारे, ज्यांना अडीच तासांनी शू लागते आणि मग आई-बाप एकमेकांवर ओरडतात. चित्रं काढणारे. आणि डोळ्यांनी कमी दिसतं पण कानांनी सगळं ऐकू येतं असे म्हातारे. आमच्या कॉलनीत एक काका आहेत, ते गच्चीवर बसून आंब्यावर किती पक्षी येतात ते वहीत लिहितात. त्यांना पेंचला न्यायचं म्हटलं तर म्हणतात, “धूळ खायला कशाला नेता, ती वर्धा रोडवर पण मिळते.”

आपण नागपूरकर स्वतःला वाघांच्या राजधानीचे म्हणवून घेतो. विमानतळापासून चौकांपर्यंत वाघ रंगवले आहेत. पण आपल्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंचचं आहे, तोतलाडोहाच्या खाली नवेगाव खैरीहून येणारं, हे किती घरांत माहीत असतं? २५७ चौरस किलोमीटरचं ते राष्ट्रीय उद्यान १९७५ पासून आहे, १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प. ताडोबा तर १९५५ चं, महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. म्हणजे माझ्या आईच्या वयाचं. या जंगलांशी आमची ओळख म्हणजे आमच्या फोनमधला एक पिवळा ठिपका, ज्यावर आम्ही बोटांनी मोठं करून करून शेवटी म्हणतो, हा बघ, हा कान आहे.

परवा आईला विचारलं, ऑक्टोबरात पुन्हा जायचं का. ती गव्हात गुंतली होती, निवडता निवडता म्हणाली, “ऑक्टोबरात मोह नसते. मार्चात जाऊ. अन त्या पोराले सांगजो, एकदा गाडी थांबव. मी उतरत नाही, नुसती वरून पाहतो.” एवढंच आहे. मार्च यायला अजून वेळ आहे, तोवर तुमच्याकडून काही कळलं तर बुकिंग तसं करेन.

कळावे,
आपली,
प्रतापनगरातली एक नागपूरकर बाई

ता. क. चष्मा तपकिरी फ्रेमचा आहे, डाव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. गस्तीवर कुणाला रपट्याजवळ सापडलाच तर जवळच्या फाटकावर ठेवून द्यावा. मी सगळ्या फाटकांवर विचारत असते.